लेखकानं बोलायचं नाही

‘आता तोंड बंद,’ गानू सर म्हणाले आणि माझी खुर्ची त्यांनी स्वतःच्या हातानं ओढून भिंतीला टेकवली. ‘पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घे, हनवते. नंतर मला घोट गिळल्याचाही आवाज नकोय.’

वर्ग हसला. मी बाटली तोंडाला लावली आणि मला ठसका लागला. वर्ग पुन्हा हसला.

‘झालं? बस. आता तू मेलास.’

ही त्यांची नेहमीची गंमत. चित्रपटाची पटकथा लिहायला शिकवणाऱ्या आमच्या विभागात शेवटच्या सत्राला प्रत्येकाला असं एकदा मरावं लागायचं. दोन वर्षं खपून लिहिलेली पूर्ण लांबीची पटकथा वर्गातली मुलं मोठ्यानं वाचणार. पात्रांची वाक्यं वाटून घ्यायची. आणि पात्रं काय करतात, पडद्यावर काय दिसतं, तो सगळा मजकूर एकानं वाचायचा. परीक्षकांच्या हातात कागद द्यायचाच नाही, त्यांनी नुसतं ऐकायचं. थिएटरात कुणी कागद घेऊन बसत नाही, असं सरांचं म्हणणं. आणि ज्यानं लिहिलंय त्यानं भिंतीला पाठ लावून गप्प राहायचं. मान हलवायची नाही, हातवारे करायचे नाहीत, खाकरायचं नाही. निर्णय जाहीर व्हायच्या आत लेखकाच्या तोंडून एक शब्द जरी निघाला तरी वाचन तिथंच बाद. निवडीतून नाव गेलं.

‘उद्या सिनेमा नागपूरला लागला तर काय प्रत्येक खुर्चीशेजारी उभं राहून समजावून सांगणार आहात?’ सर विचारायचे. मला ते पटायचं. त्या खुर्चीत बसेपर्यंत तो नियम मला आवडायचासुद्धा.

समोर टेबलाशी सरांच्या शेजारी श्रीरंग गुप्ते बसले होते. निर्माते. पांढरा कुडता, चष्मा कपाळावर. आमच्या बॅचमधली एक पटकथा ते उचलणार होते आणि तिचा खरोखरचा सिनेमा करणार होते. माझ्याआधीची सगळी वाचनं होऊन गेली होती आणि गुप्ते एकावरही खूष नव्हते, हे कँटीनच्या चहावाल्यालासुद्धा माहीत होतं. म्हणजे उरलो होतो मी.

मी वर्गात वयानं सगळ्यांत मोठा. पुण्याला यायच्या आधी परभणीकडे लग्नांचं शूटिंग करायचो. नवरीच्या बापाच्या डोळ्यांत पाणी आलं की झूम कधी मारायचा, एवढंच माझं शिक्षण. बाकीचं मी सिनेमे थांबवून, मागं नेऊन, पुन्हा बघून शिकलो. इथं आलो तर इथल्या पोरांना सगळं आधीच ठाऊक. कुणाचा मामा नाटकात, कुणाची आत्या मालिकांमध्ये. मला नुसता राग यायचा. दोन वर्षं मी रागावरच काढली, आणि पटकथासुद्धा रागातच लिहिली.

आणि मागच्या रांगेत, घरच्यांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांपैकी दाराजवळच्या खुर्चीवर, माझी माय बसली होती.

तिला आणायचं माझ्या मनात नव्हतं. पण तिनं ऐकलं नाही. ‘माझ्यावरच लिवलंस म्हणतोस ना? मग मी नको का ऐकायला?’ एसटीत रात्रभर तिनं डोळ्याला डोळा लावला नाही. सकाळी शिवाजीनगरला उतरताना एवढंच विचारलं, ‘ती जागा येईल का रे?’

‘कुठली?’

‘ती.’

‘येईल, माय.’

ती गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. एका सकाळी शाळेच्या शेडमध्ये काहीतरी झालं आणि तिचं काम गेलं. काय झालं ते गावात तिच्या तोंडून कुणी ऐकून घेतलं नाही. ते मी लिहिलं होतं. ते आता पुण्यातल्या एका वर्गात, निर्मात्यासमोर, मोठ्यानं वाचलं जाणार होतं. माय ते ऐकायला आली होती. सिनेमाबिनेमाशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

ती कोण हे मी वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. तिनंच घातलेली अट होती ती.

‘ऋजुता, सुरू कर,’ सर म्हणाले.

दृश्यांचा मजकूर वाचायला ऋजुता लिमयेला मीच निवडलं होतं. तिचा आवाज वर्गात सगळ्यांत चांगला. स्वच्छ, सपाट, उगाच रडवेला न होणारा. दोन वर्षं आमचं जमायचं ते भांडणापुरतंच. पण ती भांडायची तरी. बाकीचे माझ्याशी जपून बोलायचे, आजाऱ्याशी बोलावं तसे.

तिनं वाचायला घेतलं. केराबाई पहाटे चूल पेटवते. तांदूळ निवडते. शाळा भरते. पोरं डबे घेऊन येतात आणि लांब, पिंपळाच्या पारावर जाऊन खातात. केराच्या हातचं खायचं नाही, असं त्यांना घरून बजावलेलं. केरा शिजवते आणि उरलेलं घेऊन जाते.

माझे तळहात ओले झाले होते. ते पँटला पुसावेत तर हालचाल होईल, म्हणून तसेच मांडीवर ठेवले.

आणि मग मला ऐकू आलं. म्हणजे ऐकू आलं नाही. मी लिहिलं होतं, ‘केराच्या डोळ्यांत शतकानुशतकांचं दुःख दाटून येतं.’ ऋजुतानं वाचलं, ‘केरा झाकण उचलते,’ आणि ती पुढं गेली.

मला वाटलं, नजर चुकली असेल. पुढच्या पानावर पुन्हा तेच. ‘जणू अवघा समाजच तिच्याकडे पाठ फिरवून उभा आहे.’ तेही गायब. हातात पेन्सिल नव्हती, काही खूण केलेली नव्हती. ती वाचता वाचता गाळत होती. डोळे ओळीवरून पुढं जात होते आणि आवाज हवं तेवढंच उचलत होता.

मी तिच्याकडे रोखून बघितलं. तिनं वर पाहिलं नाही.

काय करणार? मी मेलेला. माझं लिहिलेलं माझ्यासमोर कापलं जात होतं आणि मला खाकरायचीसुद्धा परवानगी नव्हती. कानशिलं तापली. एकदा वाटलं उठून जावं. पण उठून गेलो तर तेही बोलल्यासारखंच. मी गुप्त्यांकडे बघितलं. ते पुढं वाकले होते. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला होता. आधीच्या वाचनांत ते फोन बघत होते असं ऐकलं होतं, आता फोन उपडा पडला होता.

आणि मला घाम फुटला तो वेगळ्याच कारणानं. ती गाळत होती ते बरोबर होतं. पटकथा धावत होती. जिथं मी थांबून छाती बडवत होतो तिथं ऋजुता न थांबता पुढं निघून जात होती, आणि केरा एकदम खरी वाटायला लागली होती. कुणाच्याही घरात असेल अशी. कुणीतरी मागं हसलं, केराच्या एका उत्तरावर. जिथं मला हवं होतं तिथंच.

पटकथेत आता पोरं हळूहळू पारावरून उठून यायला लागली होती. आधी एक पोरगी वासावर आली. मग तिचा भाऊ. मग एके दिवशी निम्मी शाळा. केरा ताटल्या वाढवत जाते. गावातली मोठी माणसं शाळेच्या मुख्याध्यापकांच्या, गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसतात. काय बोलतात ते ऐकू येत नाही, नुसते गुरुजींच्या घरातले चहाचे कप दिसतात. आणि मग तो दिवस, जेव्हा अख्खी शाळा रांगेत बसलेली असते.

ती जागा आली.

मागं मायनं पदर सावरला, तेवढं मला दिसलं. तो परिच्छेद मी किती वेळा लिहिला असेल! त्यात दाटून येणारं दुःख नव्हतं, समाज नव्हता. फक्त काय घडलं ते होतं.

ऋजुतानं वाचलं, ‘शेड. सकाळ.’ मग ती क्षणभर थांबली. ‘पातेलं आडवं पडलंय. खिचडी जमिनीवर पसरली आहे. तिच्यातून अजून वाफ निघते आहे. केरा दारात उभी आहे.’

संपलं. अख्खा परिच्छेद गेला.

लगेच गुरुजींचं काम करणाऱ्या पोरानं त्याचं वाक्य म्हटलं, ‘सांडलं रे, पोरांनो. बाईंचं लक्ष नव्हतं. आज घरी जाऊन जेवा.’

आणि ऋजुता म्हणाली, ‘मध्यंतर.’

मग गुप्त्यांनी टेबलावर दोनदा थाप मारली.

मध्यंतराला दहा मिनिटं थांबायचं, परीक्षकांनी आपसांत बोलायचं, लेखकानं समोर बसून ते ऐकायचं, हीही सरांचीच रीत. चहा आला. मला नाही. मेलेल्याला चहा कसला.

‘गानू, हे चांगलंय हो,’ गुप्ते म्हणाले. ‘फार चांगलंय. ते पातेल्याचं काय सुरेख केलंय! कुणी केलं, कसं झालं, काही नाही. थेट सांडलेली खिचडी. दुसरा कुणी असता तर तिथं लाथाबुक्क्या घातल्या असत्या, शिव्या घातल्या असत्या. हल्ली ज्याला त्याला बोट दाखवायचं असतं.’

‘शिकलाय पोरगा दोन वर्षांत,’ सर म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. दोन वर्षांत ते माझ्याकडे असे पहिल्यांदाच बघत होते. ‘आला तेव्हा नुसता ओरडायचा.’

‘एक गाफील क्षण, आणि बाईचं आयुष्य बदललं. अहो, आपल्या सगळ्यांच्या हातून असं काहीतरी निसटतंच की! गावबिव, जातबित सगळं मागं पडतं आणि उरते ती नियती. हे बाहेरच्या देशातल्या माणसालासुद्धा कळेल.’

गाफील. बाईंचं लक्ष नव्हतं. मायला काढून टाकलं तेव्हा शाळा समितीत हेच बोलले होते.

मी मायकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती चिडली असेल, गोंधळली असेल, निदान माझ्याकडे तरी बघत असेल. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बस चुकलेलं माणूस स्टँडवर परत बाकड्यावर येऊन बसतं ना, तशी ती बसली होती. तिला यात नवीन काही नव्हतं. असंच सांगितलं जातं, हे तिला ठाऊकच होतं. पोरानं लिहिलं तरी असंच.

मी स्वतःला समजावायला लागलो. गप्प बस. आत्ता गप्प बस. निवड होऊ दे. मग कागद त्यांच्या हातात जाईल तेव्हा ते वाचतीलच. परिच्छेद आहे तिथंच आहे, कुणी फाडलेला नाही. शूटिंगच्या आधी सांगू. दिग्दर्शकाला बाजूला घेऊन सांगू. मायला आज संध्याकाळी सांगू, चूक झाली वाचणाऱ्या पोरीची, सिनेमात येणार आहे सगळं. छातीत एवढं धडधडत होतं की मला वाटलं, तो आवाजही सर मोजतील.

‘दुसरा भाग ऐकू आपण,’ गुप्ते म्हणाले, ‘पण माझं ठरलंय. हे मी घेतो.’

वर्गात खुसपूस झाली. कुणीतरी माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

‘फक्त एक,’ ते म्हणाले. आता ते थेट माझ्याशी बोलत होते. मेलेल्याशी. ‘ही जागा अशीच राहायला हवी. उद्या दिग्दर्शक येईल, नटमंडळी येतील, सगळे विचारतील, कुणी सांडलं? सांगायचं नाही. ते कधीच कळता कामा नये. ते कळलं की पिक्चर बारका झाला. हा शब्द मला तुझ्याकडून हवाय. बोलू नकोस, नियम आहे तुमचा. मी समजून घेतो.’ आणि ते हसले.

‘नियतीला पाय नसतात,’ मी म्हणालो.

स्वतःचाच आवाज मला ओळखू आला नाही.

‘हनवते!’ गानू सर उभे राहिले.

‘पातेलं सांडलं नाही, सर. पातेलं एवढं मोठं असतं,’ मी हात पसरून दाखवलं, ‘दोन माणसं लागतात उतरवायला. ते आपोआप आडवं होत नाही. गुरुजींनी लाथ मारली. पोरं रांगेत बसलेली होती म्हणून मारली. मी तसं लिहिलंय. हिनं ते वाचलं नाही.’

सगळे ऋजुताकडे बघायला लागले. तिच्या हातात पानं होती.

‘तुम्ही आत्ता जे ऐकलंत ना, सर, ती गुरुजींची पटकथा आहे. “सांडलं रे, पोरांनो.” गावानं हेच ऐकलं. तुम्हाला आवडली. गावालाही आवडली होती.’

‘खाली बस,’ सर म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

गुप्त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. ते चिडले नव्हते. ते मला समजावायला लागले आणि तेच मला जास्त लागलं.

‘हे बघ, मुख्याध्यापक? पटत नाही. शिकलेला माणूस, शाळा चालवतो, आणि स्वतःच्या शाळेतलं अन्न लाथेनं लोटतो? एखादा गुंड असता, सरपंचाचा पोरगाबिरगा असता, तर मी समजू शकलो असतो. प्रेक्षकाला पटणार नाही.’

मी मागं बघितलं. फक्त बोट करायचं होतं. ती बघा, दाराजवळ, हिरवं लुगडं. तिला विचारा पटतंय का. माय माझ्याकडेच बघत होती, आणि तिला कळलं मी काय करणार ते. तिनं मान हलवली. नाही.

हात खाली आला.

‘पटत तर मलाही नाही, सर,’ मी म्हणालो. ‘म्हणून तर लिहिलं.’

गानू सर टेबलाकडे बघत उभे राहिले. नियम त्यांचा होता. त्यांनी मनावर घेतलं असतं तर तो मोडताही आला असता, पण त्या क्षणी खोलीत सगळ्यांत जास्त घाबरलेले तेच होते, हे मला आज कळतं.

‘वाचन बाद,’ ते म्हणाले. ‘ऋजुता, कागद ठेव खाली.’

झालं एवढंच. कुणी दार आपटलं नाही, कुणी घोषणा दिल्या नाहीत. लोक खुर्च्या सरकवून उठले. गुप्त्यांचा चहा अर्धा राहिला होता, तो त्यांनी संपवला. पुढं त्यांनी दुसऱ्या कुणाची तरी पटकथा घेतली. तो सिनेमा आला आणि गेला. मी त्यानंतर बऱ्याच पटकथा लिहिल्या. या धंद्यात लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणू देत.

मी विभागाच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. मागून ऋजुता आली, पानं छातीशी धरून.

‘मूर्ख आहेस तू,’ ती म्हणाली. ‘अस्सल मूर्ख. हातात आलं होतं.’

‘तुला कुणी सांगितलं होतं गाळायला?’

‘तुझ्यासाठी केलं मी!’

‘माझ्यासाठी?’

‘सकाळी चहाच्या वेळी गुप्ते गानू सरांना काय म्हणत होते माहितीये? “अजून एक लाथेचा पिक्चर असेल तर मी निघतो, गानू.” मी मागंच उभी होते. मी त्या पानावर आले आणि मला दिसलं, आता हा माणूस उठून जाणार. आणि तू तिथं भिंतीला चिकटून बसलेला, घामानं निथळलेला. मी काय करायला हवं होतं?’

‘वाचायला हवं होतं.’

‘आणि बाकीचं? शतकानुशतकांचं दुःख?’

‘ते कामून गाळलंस?’ रागात माझ्या तोंडून गावची भाषा निघाली.

‘कारण ते भिकार होतं!’

मला हसू आलं. यायला नको होतं, पण आलं. ‘ते होतंच भिकार,’ मी म्हणालो. ‘तिथं तू बरोबर होतीस. सगळीकडे बरोबर होतीस, ऋजुता. एकच जागा सोडून.’

ती माझ्यापासून दोन पायऱ्या खाली बसली. तिचा चेहरा रडवेला झाला होता, पण लिमयांच्या घरात रडत नसावेत. तिनं नाक ओढलं.

‘भांडू नका रे लेकरांनो,’ मागून माय म्हणाली. चपला हातात घेऊन ती पायऱ्या उतरत होती. फरशी गुळगुळीत होती म्हणून. ‘ही का ती वाचणारी?’

‘हो.’

‘लई गोड आवाज हाय गं बाई तुझा. रेडिओवानी.’

ऋजुता उठून उभी राहिली. तिनं मायकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मायकडे. ‘म्हणजे... या केराबाई?’

‘केरा कोण? मी कौतिका. केरा नाव यानं ठेवलं. मला नाही आवडलं. केर काढल्यावानी वाटतंय.’

ऋजुताच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. ‘मावशी,’ ती म्हणाली, ‘तुम्ही तिथं बसला होतात? सगळं ऐकलंत? मी... मला माहीत नव्हतं. मला वाटलं गोष्ट आहे. म्हणजे गोष्टच आहे, पण मी ती ओळ...’

‘ती ऱ्हायली वाचायची.’ माय पायरीवर टेकली. ‘वाच की मग. हायेत ना कागद?’

‘इथं?’

‘मग काय झालं? मला ऐकू येतंय इथं बी.’

पोरं आजूबाजूनं येत-जात होती. एक जण सायकल लावत होता. ऋजुतानं पानं चाळली. आवाज तोच होता, स्वच्छ आणि सपाट.

‘शेड. सकाळ. केरा पाण्याची घागर घेऊन दारापर्यंत येते आणि थांबते. आत गुरुजी आहेत. त्यांनी पातेल्यावरचं झाकण उचललं आहे. ते वास घेतात. डाव घेऊन थोडी खिचडी तळहातावर काढतात. फुंकर मारतात. खातात. चांगली झाली आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. झाकण ते नीट भिंतीला टेकवून ठेवतात, आवाज होऊ न देता. मग पँट गुडघ्यापर्यंत वर ओढतात आणि पातेल्याला लाथ मारतात. एकदा. पातेलं कलतं, परत बसतं. पुन्हा एकदा. वळतात तेव्हा त्यांना केरा दिसते. दोघं एकमेकांकडे बघतात. गुरुजी तिच्या शेजारून बाहेर जातात.’

ती थांबली. मायनं डोळे मिटले होते. मला वाटलं, आता ती रडेल. मी तिच्या खांद्याकडे हात नेला.

‘बूट,’ माय म्हणाली.

‘काय?’

‘बूट काढून आला होता तो. शेडच्या बाहेर काढले, जोडीनं ठेवले. मी पाणी घेऊन आले तर आधी मला बूटच दिसले. मला वाटलं, कुणी पाहुणा आलाय.’ तिनं डोळे उघडले. ‘ते नाही लिवलंस तू.’

‘तू कधी सांगितलंच नाहीस, माय. मला कधीच नाही सांगितलं.’

‘कुणी इथवर ऐकूनच नाही घेतलं,’ ती म्हणाली. ‘झाकण, चव, लाथ, एवढं झालं की सगळे म्हणायचे, बस कर, कौतिका. तुझा बाप बी. तू तर लाथ म्हटलं की ताडकन उठून जायचास.’

ऋजुतानं पर्समधून पेन्सिल काढली, पान मांडीवर घेतलं आणि समासात लिहिलं. काय लिहिते आहे ते तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, ‘शेडच्या दाराबाहेर गुरुजींचे बूट. जोडीनं ठेवलेले.’

‘काळे,’ माय म्हणाली.

‘काळे.’

मायनं मान डोलावली. चपला पायरीवर ठेवल्या, पाय लांब केले आणि पाठ खांबाला टेकवली.

‘हं,’ ती म्हणाली. ‘आता पुढचं वाच.’